एमसीबी मोठा टाका म्हणणाऱ्यांसाठी: गीझरचा सहा-सात महिन्यांचा अनुभव

भांडुपच्या आमच्या जुन्या इमारतीत ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर हिवाळ्यात बसवला. पाणी लगेच तापते, गळती नाही, त्यामुळे गीझरबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. राग आहे तो एमसीबी (जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडून, म्हणजे बंद होऊन, वीज तोडणारा बोर्डातला स्विच) वारंवार पडू लागल्यावर सर्व्हिसच्या माणसाने दिलेल्या सल्ल्याचा. "साहेब, १६ अँपिअरचा काढा, ३२चा टाका, परत पडणार नाही," एवढे सांगून तो भेटीचे पैसे घेऊन गेला.

हा सल्ला घातक आहे, कारण एमसीबी गीझरला नव्हे, भिंतीतल्या वायरला सांभाळतो. क्षमतेच्या १.४५ पट प्रवाह वाहू लागला, तर त्याने तासाभरात पडलेच पाहिजे; १६ अँपिअरसाठी हा आकडा २३.२ येतो, ३२साठी ४६.४. आमच्याकडे तेव्हा २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर होती, आणि ३२चा एमसीबी लावला असता, तर ती पाइपात तापून तिचे इन्सुलेशन मऊ पडेपर्यंत तो निवांत वरच राहिला असता.

मग २३० व्होल्टवर जेमतेम १३ अँपिअर घेणाऱ्या गीझरमुळे १६चा का पडावा? ओळखीच्या वायरमनने मेन बंद करून बोर्ड उघडला, तेव्हा एमसीबीच्या खालच्या स्क्रूत फेजच्या निम्म्याच तारा अडकलेल्या दिसल्या आणि त्यांची टोके काळी पडली होती. सैल जोडणी तापते आणि ती उष्णता एमसीबीतल्या बायमेटल पट्टीला (तापली की वाकून एमसीबी पाडणारी दोन धातूंची पट्टी) पोहोचते, म्हणून प्रवाह मर्यादेत असूनही तो पडतो. काळे टोक छाटून, नवी तांब्याची तार सोलून स्क्रू घट्ट आवळल्यावर तो आजतागायत त्या कारणाने पडलेला नाही. गीझर बसवणाऱ्या प्रत्येकाने हा एक स्क्रू स्वतःच्या डोळ्यांसमोर आवळून घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हाच सैलपणा प्लगच्या सॉकेटमध्ये असता, तर प्रवाह न वाढल्यामुळे एमसीबी पडलाच नसता आणि सॉकेट जळत राहिले असते. म्हणून पुढे प्लग-सॉकेट काढून टाकले, मुंबईतल्या लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि २० अँपिअरचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विच आणला आणि बोर्डापासून गीझरपर्यंत मध्ये कुठेही जोड न देता स्वतंत्र लाइन ओढून घेतली. एमसीबी मात्र १६चाच ठेवला.

आरसीसीबीचा, म्हणजे थोडीशी वीज गळू लागली तरी पुरवठा तोडणाऱ्या स्विचचा, खर्च तेव्हा मला अनाठायी वाटला होता. वायरमनने हट्ट धरला म्हणून ३० मिलिअँपिअरचा बसवला. पावसाळ्यात ते मत पार बदलले. गीझर चालू करताच आरसीसीबी पडू लागला, एमसीबी जागचा हलला नाही. कॉइलमधून गीझरच्या पत्र्यात वीज उतरत होती, आणि इतकी थोडी गळती एमसीबीला कळतच नाही. अर्थिंग ठीक असले, तरी ओल्या अंगाने उभ्या असलेल्या माणसासाठी आरसीसीबी हवाच. आता दर महिन्याला त्याचे टेस्ट बटण दाबून पाहतो.

बऱ्याच वादावादीनंतर कंपनीने कॉइल वॉरंटीत बदलून दिली. पहिल्या भेटीचे पैसे परत मागितले आहेत. त्यावर अजून उत्तर आलेले नाही.