सात महिने फॉसडेमचे टॉक बघतोय: चांगला टॉक कोणता, ते कसं ठरवायचं

फॉसडेम, म्हणजे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर करणाऱ्यांचं संमेलन, दर वर्षी फेब्रुवारीच्या आसपास ब्रसेल्सच्या विद्यापीठात, सोलबॉश कॅम्पसमध्ये शनिवार-रविवारी भरतं. तिकीट नाही, नावनोंदणी नाही, आणि बहुतेक टॉक नंतर फुकट बघता येतात. मी स्वतः तिथे गेलेलो नाही. पण पुण्यातली आमची पाच जणांची टीम गेले सात महिने दर गुरुवारी डबा खाताना एक टॉक बघते, कधी यंदाचा, कधी जुना.

सुरुवातीला टॉक संपला की लगेच दहापैकी गुण द्यायचो. एप्रिलमध्ये वही चाळली, तर नऊ गुण दिलेल्या एका टॉकमध्ये नेमकं काय सांगितलं होतं हे एकालाही आठवेना. वक्ता छान बोलला होता, एवढंच लक्षात होतं. तेव्हापासून त्या दिवशी फक्त एक ओळ लिहितो, वक्त्याचा मुद्दा काय होता ती. गुण सहा आठवड्यांनी.

या पद्धतीत सगळ्यात वर आला तो कर्ल हे डेटा आणण्या-पाठवण्याचं साधन लिहिणाऱ्या डॅनियल स्टेनबर्ग यांचा 2019 मधला टॉक. विषय एचटीटीपी/3, म्हणजे ब्राउझर किंवा ॲप सर्व्हरशी ज्या नियमांनी बोलतं त्यांची तिसरी आवृत्ती. तेव्हा ते मानक ठरलंही नव्हतं. आरएफसी, म्हणजे मानकाचा अधिकृत दस्तऐवज, आला 2022 मध्ये. म्हणजे टॉक शिळा व्हायला हवा होता. झाला नाही, कारण त्यात आधी दुखणं समजावलं आहे: एचटीटीपी/2 मध्ये सगळे प्रवाह एकाच टीसीपी जोडणीवरून (जी डेटा क्रमानेच पोचवते) जातात, त्यामुळे एक पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, हरवलं की मागचे सगळे खोळंबतात. एचटीटीपी/3 ज्यावर उभं आहे ते क्विक यूडीपीवर (जे क्रमाची हमी देत नाही) चालतं आणि हे प्रवाह एकमेकांपासून सुटे ठेवतं. यूडीपी काही ठिकाणी अडवलं जातं, सीपीयूवर भार वाढतो, हेही त्यांनी लपवलं नाही.

जूनमध्ये कोकणातल्या आमच्या फिल्डवरच्या लोकांचं ॲप पावसात रखडायला लागलं, तेव्हा हाच टॉक आठवला. पॅकेट हरवत होती. सर्व्हरवर एचटीटीपी/3 सुरू केलं, तरी फरक दिसेना. यूडीपीचं 443 पोर्ट फायरवॉलमध्ये आम्हीच उघडलं नव्हतं! टॉकमधलं ते वाक्य आठवलं नसतं तर आणखी दोन दिवस गेले असते.

गर्दीवरून मात्र काहीही ठरवू नका. फॉसडेममध्ये खोली भरली की कुणाला आत सोडत नाहीत. लहान खोलीबाहेरच्या रांगेवरून विषयाची ओढ कळते, टॉकचा कस नाही. तिथल्या डेव्हरूम (एकेका विषयाला दिलेल्या खोल्या) वेगवेगळ्या समुदायांचे स्वयंसेवक चालवतात आणि टॉकही तेच निवडतात. म्हणून अख्ख्या परिषदेला एक गुण देण्यात अर्थ नाही, खोलीगणिक बघावं.

आकडा दाखवला तर तो कोणत्या मशीनवर, किती डेटावर मोजला, हे सांगितलं का, एवढं मी नक्की पाहतो. दुसऱ्या एका मोठ्या परिषदेतल्या टॉकमध्ये 'दहापट वेगवान' असा आलेख होता आणि खाली अक्षांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. तो आम्ही अर्ध्यात बंद केला.

शेवटची प्रश्नोत्तरं वगळू नका. 'हे आम्हाला अजून जमलेलं नाही' असं सरळ सांगणारे वक्ते तिथेच भेटतात, आणि त्यांचे बाकीचे टॉक मी शोधून बघतो.