‘मिक्स लिली, 5 कंद’ लिहिलेलं पाकीट: मुंबईच्या गॅलरीसाठी घ्यावं का?

नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरमध्ये आणि एकाच हंगामासाठी घेणार असाल तर जरूर घ्या. पाकिटावर ‘दरवर्षी फुलेल’ असं छापलेलं असतं, ते मुंबईत खरं ठरत नाही. अशा पाकिटातल्या एशियाटिक आणि ओरिएंटल जातीच्या लिलीच्या कंदाला पुन्हा फुलायला साधारण 6 ते 8 आठवडे 2 ते 5 अंशांची थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीची पहाटही बहुधा 16-17 अंशांवर थांबते. विक्रीचे कंद शीतगृहातून येतात आणि तिथली थंडी एकाच बहराला पुरते. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये सवलतीत मिळणारं पाकीट घेऊ नका. त्या उकाड्यात दांडा खुजा राहतो, कळ्या वाळून गळतात.

घेताना कंद दाबून पाहा. या कंदाला कांद्यासारखं कोरडं टरफल नसतं, त्यामुळे तो उघड्यावर पटकन सुकतो. खवले घट्ट आणि मुळ्या जाड, ताज्या हव्यात. पाकिटावर 14/16 असेल तर तो कंदाचा सेंटिमीटरमधला परीघ. याहून लहान कंदाला फुलं कमी. निळ्या लिलीचा फोटो दिसला तर पाकीट परत ठेवा, खऱ्या लिलीत निळा रंग नाहीच.

10 इंची कुंडीत 3 कंद पुरे. लाल माती 2 भाग, गांडूळखत 1, जाड वाळू किंवा विटांचा चुरा 1. कंदावर 10 सेंमी माती हवीच, कारण कंदाच्या वर दांड्यालाही मुळ्या फुटतात आणि बरंचसं पोषण त्याच ओढतात. वरवर लावलेली लिली इथेच फसते. पाकिटासोबत येणारं नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरू नका. दमट हवेत ते ओलंच राहतं आणि कंद तळाकडून कुजतो. कुंडीखालची थाळी काढा. सकाळचं ऊन द्या, दुपारचं टाळा, आणि पाणी पानांवर न घालता मातीत घाला, नाहीतर पानांवर तपकिरी ठिपके पडतात.

घरात मांजर असेल तर ही लिली आणूच नका. अंगावर पडलेले पराग चाटले तरी तिची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

दरवर्षी फूल हवं असेल तर फुटबॉल लिली, स्पायडर लिली आणि रेन लिली घ्या. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात या लिली नव्हेत, पण मुंबईचा पावसाळा त्यांना मानवतो. फुटबॉल लिलीची पानं हिवाळ्यात वाळली की पाणी जवळपास थांबवा. मेच्या आसपास मातीतून थेट लाल गोंडाच वर येतो.