साधी पेटी की स्केल चेंजर?

क्लासच्या पेटीवर वर्षभर हात बसला, आता घरी स्वतःची हवी, असं म्हणणारं कुणीतरी मला दर दोन-तीन महिन्यांनी भेटतं. बहुतेक माझ्याच वयाचे. मुलं कॉलेजात, गुडघे कुरकुरायला लागलेले आणि मांडी घालून तासभर बसायची हौस मात्र नवीन. विचारायचं एकच असतं: साधी घेऊ की स्केल चेंजर, म्हणजे की-बोर्ड सरकवून पट्टी (‘सा’ची जागा) बदलता येणारी? मी आधी स्केल चेंजर घेतली, नंतर साधी. तेवढ्या अनुभवावर बोलतो.

पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधल्या बारीक जागा) सापडत नाहीत, हा वाद जुना आहे. त्यापायी १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला मज्जाव होता. पण तो आक्षेप दोन्ही पेट्यांना सारखाच लागू, तेव्हा तो सोडून देऊ.

स्केल चेंजरची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. आपली बोटं काळी एकमध्ये, म्हणजे सप्तकातली पहिली काळी की ‘सा’ धरून, तयार झालेली असतात. पाचही काळ्या कामाला, पांढऱ्या फक्त दोन, गंधार आणि निषाद. हात त्यात इतका रुळतो की डोळे मिटून सगळ्या शुद्ध सुरांचा बिलावल जातो. मग गुरुवारी सोसायटीत भजन असतं आणि गाणाऱ्या वहिनींना काळी चार लागते. साध्या पेटीवर तिथे सगळा नकाशाच बदलतो. स्केल चेंजरवर अख्खा की-बोर्ड सरकवायचा आणि बोटं जिथल्या तिथे. मी पहिल्यांदा ते केलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, आता खरी साथ झाली.’’ पुढचे दोन महिने मी हवेत होतो.

मग जून आला.

आमची इमारत ठाण्यातल्या नौपाड्यातली, जुनी, लिफ्ट नसलेली. रियाझ पहाटे साडेपाचला, कारण सातनंतर ऐरोलीचं ऑफिस डोक्यात शिरतं. शुक्रवारी पहाटे मी पेटी काळी चारवरून काळी एकवर आणली, भूप वाजवायला बसलो, भाता मारला, आणि एकही की न दाबता एक सूर सुरू झाला. बारीक, चिवट, भाता चालू असेतो न थांबणारा. षड्ज असता तर तानपुरा समजून चालवून घेतलं असतं. तो होता कोमल धैवत, भूप रागात वर्ज्य आणि भैरवात हक्काचा. भूपामागे अखंड कोमल धैवत! वरचे काका जिन्यात भेटले, म्हणाले, ‘‘आज काय, भैरव?’’

की-बोर्ड सरकून नीट बसलेला नव्हता. त्यात दमट हवेने लाकूड फुगलेलं. मागेपुढे हलवलं की सूर जायचा, दोन दिवसांनी दुसराच लागायचा. उघडून पाहावं तर आत सरकती चौकट, स्प्रिंगा, दांडे. माझी हिंमत झाली नाही. कारागीर तीन आठवड्यांनी आला, ठीक करून गेला, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. माझ्याच पेटीचं नशीब खोटं असेल, हे मी मान्य करतो. क्लासमधल्या एकाची स्केल चेंजर सहा वर्षं बिनतक्रार चालली आहे. पण आपल्याला दिवसात मिळतात चाळीस मिनिटं. त्यातली पंधरा पेटीची मनधरणी करण्यात गेली की रियाझ कसला?

साध्या पेटीतही पावसाळ्यात सूर अडकतात. फरक एवढाच की वरचं झाकण उघडलं, की कुठली की घासतेय ते दिसतं. रीडच्या, म्हणजे सूर काढणाऱ्या पितळी तुकड्याच्या, जिभेखाली केर असेल तर पातळ कागदाची पट्टी सरकवून मी स्वतः काढतो. पाच मिनिटांत पुन्हा भूप.

वजनाचं फार सांगत नाही. साधी मी एका हातात घेऊन घंटाळीपर्यंत चालत जातो. स्केल चेंजरसाठी रिक्षा लागायची आणि तिसऱ्या मजल्यावरून उतरवायला मुलगा.

मग कुणी काय घ्यावं? वेगवेगळ्या गळ्यांना नेहमी साथ करणार असाल तर स्केल चेंजर घ्या, मी अडवणार नाही. दुकानात मात्र प्रत्येक पट्टीवर दोनदा सरकवून सगळ्या की हलक्या हाताने वाजवा. भाता भरून, काही न दाबता नुसतं ऐका. हवा लगेच पळाली किंवा सूं ऐकू आलं तर दुसरी मागा. घरचा रियाझ आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा या परीक्षा एवढंच डोळ्यांसमोर असेल तर एकाच पट्टीत वाजवायचं आहे. मग ती सरकती चौकट कशाला घरात आणायची, असं मला आपलं वाटतं. वाचलेल्या पैशांत चांगल्या रीडची साधी पेटी येते.

माझी स्केल चेंजर आता भजनी मंडळाच्या कपाटात आहे. गुरुवारी मी साधीच नेतो आणि वहिनींची काळी चार बोटांनीच काढतो. आठ महिने झाले. गंधार पांढरी एकवर येतो हे आता हाताला कळलंय. निषाद पांढरी पाचवर असतो, तो अजून चुकतो. वहिनी त्या जागी जरा जोरात गातात.