सेकंडहँड सेगा मेगा ड्राइव्ह: एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळा वापरल्यानंतर

जुनं मेगा ड्राइव्ह, म्हणजे सेगा कंपनीचं टीव्हीला लावायचं गेमचं मशीन, घेतलंय आणि ते थोडा वेळ चालून बंद पडतंय अशी तक्रार असेल, तर चिप गेली असं धरून चालू नका, आधी वीज तपासा. माझ्याकडे इंदूरच्या उन्हाळ्यात हेच झालं आणि शेवटी दोष निघाला तो अगदी स्वस्तातल्या भागात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझं मॉडेल 1, म्हणजे पहिली आवृत्ती आहे, पाल या टीव्ही सिस्टिमचं, ज्याला पुढच्या बाजूला हेडफोनचं सॉकेट आणि आवाजाचा सरकता स्लायडर असतो. हे मशीन जपानमध्ये 1988 ला आलं आणि भारतात 1995 मध्ये शॉ वॉलेस कंपनीने आणलं, तेव्हा किंमत होती 18,000 रुपये! आमच्या रामबागेत तेव्हा पोरांकडे असायचे समुराई नाहीतर मीडिया कंपनीचे आठ बिटवाले गेम, मेगा ड्राइव्ह फक्त ऐकून माहीत. त्यामुळे एका जुन्या सामानवाल्याकडे हे दिसलं तेव्हा सोडवेना. "भिया, एकदम चालू कंडीशन है," असं म्हणून त्याने दुकानात लावूनही दाखवलं, आणि खरंच लागलं, सॉनिक गेममधला सॉनिक पळायला लागला.

घरी मात्र वेगळंच. सुरुवात छान व्हायची, एखादी लेव्हल व्हायची, मग स्क्रीनवर रंगीत चौकोन सांडल्यासारखे पसरायचे, आवाज एकाच सुरावर अडकायचा आणि सगळं ठप्प. पुतणी आतून ओरडायची, "काका, परत गेलं!" बंद करून ठेवलं की थोड्या वेळाने पुन्हा नवीन असल्यासारखं चालू. पंख्याच्या झोतात ठेवलं तर जास्त वेळ टिकायचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी खूण हीच, कारण कॅसेटचे पाय घाण असते तर गारठ्या-उन्हाने इतका फरक पडला नसता.

आणखी एक खूण सांगतो, ही फार कामाची आहे. नंतरच्या मॉडेल 1 मध्ये सुरू करताना काळ्या स्क्रीनवर सेगाच्या लायसन्सची पांढरी ओळ येते. मशीन आधी कॅसेटमध्ये "सेगा" हे शब्द शोधतं, सापडले तरच ती ओळ दाखवतं. म्हणजे ओळ येतेय आणि पुढे अडतंय तर प्रोसेसर, चित्राची चिप वगैरे निदान जिवंत आहेत, कॅसेटही वाचली जातेय. ओळच येत नसेल तर कॅसेट आणि स्लॉट आधी बघा. (आधीच्या मशीनमध्ये ही ओळ नसतेच, तेव्हा त्यावरून घाबरू नका.) माझ्याकडे ओळ दर वेळी यायची.

मग अॅडॉप्टर. मॉडेल 1 ला 9 व्होल्ट, 1.2 अँपिअर लागतो आणि पिनच्या मधल्या भागाला निगेटिव्ह, बाहेर पॉझिटिव्ह. आपल्याकडे घरोघरी सेटटॉप बॉक्स, राउटर, सीसीटीव्हीचे 12 व्होल्टचे अॅडॉप्टर पडलेले असतात, त्यांची पिन बऱ्याचदा याच मापाची असते, सहज बसते, पण त्यांत मधे पॉझिटिव्ह असतो. बसतंय म्हणून लावायचं नाही, अजिबात नाही. मॉडेल 2 चं गणित तर अजूनच वेगळं, 10 व्होल्ट आणि मधे पॉझिटिव्ह, त्यामुळे दोन मॉडेलचे अॅडॉप्टर अदलाबदल करू नका. मला मशीनबरोबर मिळाला होता तो जड ट्रान्सफॉर्मरवाला, वर 9 लिहिलेलं पण मल्टिमीटर लावला तर काही न जोडता 13 च्या पुढे. जुने ट्रान्सफॉर्मरवाले असेच असतात, लोड नसला की जास्त दाखवतात, ही काही गडबड नाही. पण लोडवर, म्हणजे मशीन जोडून चालू असतानाही, माझा 9 च्या बराच वर राहत होता आणि खरी गोष्ट इथून सुरू झाली.

मशीन उघडायला साधा फिलिप्स पेचकस पुरतो. वरचं झाकण, मग पत्र्याचं शील्ड काढलं की एका अॅल्युमिनियमच्या हीटसिंकला 7805 नावाचे तीन पायांचे दोन रेग्युलेटर पेचाने कसलेले दिसतात. यांचं काम आत आलेल्या 9 चे 5 व्होल्ट करणं, आणि वरचे जे व्होल्ट उरतात ते नुसते उष्णता म्हणून जाळून टाकतात. अॅडॉप्टर 9 च्या ऐवजी 11-12 देत असेल तर जाळायचं ओझं सरळ दीडपटीच्या वर जातं, त्यात बाहेर मे महिन्याचं ऊन. त्यातून रेग्युलेटर आणि हीटसिंकच्या मधला, उष्णता पुढे नेणारा थर्मल पेस्ट इतकी वर्षं झाल्यावर पांढऱ्या चुन्यासारखा सुकलेला, बोट लावलं तर भुगा. अति तापला की 7805 स्वतःच स्वतःला बंद करतो, तशी सोय त्यात असते.

मी मशीन उघडंच चालू ठेवून मीटरचा काळा टोक मधल्या पायावर आणि लाल तिसऱ्या पायावर ठेवून बसलो (लिहिलेली बाजू समोर धरली की डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट). एका रेग्युलेटरवर 5 च्या आसपास स्थिर. दुसऱ्यावर आधी 4.9, मग तापत गेलं तसं 4.8, 4.7, आणि 4.6 च्या खाली आलं त्याच क्षणी स्क्रीनवर चौकोन! 4.75 च्या खाली जाणं म्हणजे चिपच्या हिशोबाने वीज कमीच, इतकं स्पष्ट उत्तर डोळ्यासमोर मिळालं तेव्हा खूप बरं वाटलं.

इंदूरच्या महाराणी रोडवरच्या पार्टवाल्याने विचारलं, "लोकल दूँ कि ओरिजिनल?" ओरिजिनल घ्या, फरक फार पैशांचा नाहीये. दोन्ही बदलले, नवीन थर्मल पेस्ट लावला, पॉवर सॉकेटच्या डाखाला गोल तडा दिसत होता तो पुन्हा डाखून घेतला, आणि 9 व्होल्टचा रेग्युलेटेड, मधे निगेटिव्ह असलेला स्विचिंग अॅडॉप्टर आणला. आता हीटसिंक गरम होतं पण बोट ठेवता येतं, आणि जूनच्या सुट्टीत पुतणी तासन्‌तास खेळली तरी एकदाही अडकलं नाही. कपॅसिटर सरसकट बदलायचा सल्ला खूप जण देतात, मी नाही बदलले, गेम गिअरचे (सेगाचं हातात धरून खेळायचं मशीन) कपॅसिटर गळतात हे खरं आहे पण त्याचं भूत प्रत्येक सेगावर बसवू नये, फुगलेला किंवा गळका दिसला तरच हात लावा.

पावसाळ्यात स्लॉटने थोडा त्रास दिला, हवेत दमटपणा वाढला की दोन-दोनदा कॅसेट काढून लावावी लागायची. आयसोप्रोपिल अल्कोहोल इअरबडला लावून कॅसेटचे पाय पुसा, इअरबड काळा येणं थांबेपर्यंत. फुंकर मारायची सवय आपल्या सगळ्यांची, पण तोंडाची वाफ पायांवर बसते आणि गंज धरायला मदत होते, ती सोडाच. सँडपेपर तर कोणी सांगितलं तरी नको.

चित्राबद्दल, पिवळ्या पिनने एलईडी टीव्हीला लावलं की फिकट उभ्या पट्ट्या दिसतात, रंगांच्या कडेला इंद्रधनुष्य येतं, हा बिघाड नव्हे, मॉडेल 1 चं कंपोझिट (म्हणजे हे पिवळ्या पिनचं) आउटपुट मुळातच असं. मागच्या त्याच गोल सॉकेटमधून आरजीबीही (लाल, हिरवा, निळा रंग वेगवेगळ्या तारांनी) निघतं, ती सोय करता आली तर चित्र एकदम सुधारतं. पाल मशीन 50 हर्ट्झवर चालतं म्हणून पहिला सॉनिक अमेरिकन मशीनपेक्षा सुमारे 17 टक्के हळू पळतो, गाणंसुद्धा हळू. ज्यांनी तसंच खेळलंय त्यांना ते बरोबरच वाटतं, मलाही.

एकच गोष्ट अजून राहिलीय. मॉडेल 1 मध्ये मागच्या सॉकेटमधून आवाज मोनो येतो, स्टिरिओ फक्त पुढच्या हेडफोनमधून, आणि माझा तो स्लायडर सरकवला की खरखर करतो, डावा कान मधेच जातो. काँटॅक्ट क्लीनर मारून थोडा सुधारला, पूर्ण नाही. त्याच मापाचा स्लायडर महाराणी रोडवर मिळाला नाही, कोणाला कुठे जुळणारा सापडला असेल तर पायांचं अंतर आणि दुकानाचा भाग सांगा, बाहेरगावाहून मागवायलाही तयार आहे.