पावडर ‘स्टॉकमध्ये आहे’ म्हणणाऱ्यांपासून सावध

अमेरिकेत शिकारीसाठी घरी काडतुसं भरणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितोय. पावडर, म्हणजे काडतुसात भरायची दारू, ऑनलाइन मागवताना माझे पैसे बुडाले, तुमचे बुडू नयेत.

मी कोलोरॅडोत परवाना काढून एल्कची शिकार करतो. एल्क म्हणजे सांबराहूनही थोराड हरीण, नर तीनशे किलोच्या घरात. त्यासाठी माझ्या .३०-०६ रायफलीत १८० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) नोस्लर पार्टिशन गोळी असते. तिच्या पोटात आडवी भिंत आहे. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून खोल शिरतो. जोडीला एच४३५० पावडर. थंडी-उन्हाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही, म्हणून उन्हाळ्यात भरलेलं काडतूस नोव्हेंबरच्या गोठलेल्या पहाटेही भरवशाचं राहतं.

अशी जोडी एकदा जमली की पावडर सहजी बदलता येत नाही. बदलली तर काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलमधल्या सर्वांत कमी मापापासून पुन्हा सुरुवात, पुन्हा नेम जुळवणं. अंदाजाने दुसरी घातली तर दाब वाढून रायफल हातात फुटू शकते. आपली ही अडचण या चोरांना पक्की ठाऊक असते.

दुकानांत ही पावडर मिळत नव्हती, तेव्हा एका वेबसाइटवर आठ पौंडी डबा जुन्याच भावात दिसला. ‘कार्ड सध्या चालत नाही’ म्हणून पैसे मोबाइल ॲपने एका व्यक्तीच्या नावावर मागितले. मी पाठवले. मग मेल आला: पार्सल अडकलंय, विम्याची रक्कम भरा, नंतर परत मिळेल. तीही भरली, तर लगेच तिसरी मागणी! ती नाकारल्यावर उत्तरं बंद. बँकेने सांगितलं, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय, पैसे परत येणार नाहीत. लोकांच्या मेहनतीच्या पैशावर असा डल्ला मारणाऱ्यांची मला मनापासून चीड येते.

खरे ऑनलाइन विक्रेते पावडर आणि प्रायमरवर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) धोकादायक मालाचं वेगळं शुल्क बहुधा ऑर्डर देतानाच दाखवतात. त्या वेबसाइटवर ‘मोफत, टपालाने घरपोच’ लिहिलं होतं, आणि अमेरिकी टपाल खातं या दोन्ही वस्तू स्वीकारतच नाही. डब्याचा लॉट क्रमांक आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी एकत्र दिसेल असा फोटो मागा. भामटे टाळाटाळ करतात. ओळखीतून कोणी उघडा डबा स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका, नुसत्या दाण्यांवरून पावडर ओळखता येत नाही.

फसलात तर त्याच दिवशी बँकेला कळवा आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे ऑनलाइन तक्रार करा. मेल आणि पावत्या पुसू नका, तिथे त्या लागतात.