शेतीच्या ट्रॉलीचा नंबर लावलेला कॅम्पर ट्रेलर आणि आमचे ५,२१,५०० रुपये

आमचे ५,२१,५०० रुपये गेले आहेत. त्या बदल्यात जो कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून नेण्याची चाकांवरची खोली, आमच्या वाड्यात उभा आहे, तो कायद्याने रस्त्यावर आणता येत नाही, कोणाला विकता येत नाही आणि पावसाळ्यात त्यात झोपताही येत नाही. रकमा मुद्दाम फोडून सांगते, कारण पोलिस ठाण्यात मला "अंदाजे पाच लाख" असे लिहायला सांगण्यात आले आणि मी ते लिहिले नाही. बयाणा म्हणून यूपीआयने ५१,०००, उरलेली किंमत आरटीजीएसने ४,२०,०००, "पासिंग आणि विमा" या नावाखाली ३८,५०० आणि ट्रेलर घरपोच आणून देण्याचे १२,००० रुपये त्या दलालाने घेतले. जुनी गाडी विकताना दलाल कशी बनवाबनवी करतात हे कोणाला शिकवण्याची गरज नाही. परंतु मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर घेताना आपण जी पारख वापरतो ती ट्रेलरच्या बाबतीत पुरत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ही म्हातारपणाची चैन होती, असे आमच्या गावात बोलले जाते. त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. माझे यजमान आणि मी, दोघेही यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून निवृत्त झालो. सासूबाई आमच्याजवळ असतात आणि गुडघ्यांमुळे त्यांना उकिडवे बसता येत नाही. महाशिवरात्रीला मार्कंड्याला किंवा नवरात्रात माहूरला ज्या बाईने अंधार पडेपर्यंत लघवी दाबून धरली आहे, तिला चाकांवरची स्वतःची खोली आणि स्वतःचा कमोड ही चैन वाटणार नाही. शिवाय राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले होते, त्यामुळे या वाहनांची काहीतरी रीतसर व्यवस्था झाली असेल असे समजणे हा भोळेपणा नव्हता.

२०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही तो ट्रेलर पाहायला गेलो. नागपूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीमागे टिनाच्या शेडमध्ये तो उभा होता. दलाल तिशीतला, बोलायला गोड. परदेशातून आलेला माल आहे, एका साहेबाने नावापुरता वापरला, असे त्याने सांगितले. आतून सर्व चकचकीत होते: नवे विनाइल, नवे पडदे, अगरबत्तीचा दाट वास. पलंगाच्या डाव्या कोपऱ्याकडे मी वळले तेव्हा माझी टाच किंचित आत दबली. मी तिथेच थांबले आणि विचारलेही. "फोम टाकला आहे ना काकू खाली, पायाले नरम लागते," असे म्हणून त्याने लगेच सासूबाईंसाठी कमोडचे झाकण उघडून दाखवले आणि नळ सोडला. सासूबाईंचा चेहरा उजळला आणि बोलणे तिकडे वळले. ती दबलेली टाच मला आजही झोपू देत नाही. त्या एका कोपऱ्यात सर्व काही लिहिलेले होते, आणि त्या माणसाला ते माहीत होते. म्हणूनच त्याचे उत्तर इतके तयार होते.

अशा ट्रेलरचे अंग बहुधा लाकडी चौकट, प्लाय आणि वर फायबरचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा असे असते. छताच्या सांध्यातून, खिडकीच्या किंवा पंख्याच्या कडेने शिरलेले पाणी भिंतीच्या आतून उतरते आणि खालच्या कोपऱ्यात साचते. वरून विनाइल कोरडे दिसते आणि त्याखाली प्लाय कुजत राहतो. म्हणून ट्रेलर पाहायला जाताना पडदे आणि शेगडी नंतर पाहावी. प्रथम चारही कोपऱ्यांत, पलंगाखाली, कपाटांच्या आत आणि खिडक्यांच्या कडेने अंगठा दाबून पाहावा, जमिनीच्या कडेकडेने टाच रोवत चालावे, बाहेरून भिंतीला फुगे आले आहेत का ते तिरक्या उजेडात पाहावे. लाकडाचा ओलावा मोजणारे दोन सुयांचे छोटे यंत्र मिळते. अडत्याकडचे सोयाबीनचे यंत्र येथे चालत नाही. पंधरा टक्क्यांपर्यंत ठीक, वीसच्या वर आकडा गेला तर तिथून निघून यावे. आणि अगरबत्ती लावलेली असेल तर दारे-खिडक्या बंद करून पंधरा मिनिटे आत बसावे. कुबट वास अगरबत्तीमागे फार वेळ लपत नाही.

कागद आम्ही पाहिले नाहीत, हा आरोप खोटा आहे. आरसीची झेरॉक्स होती, नंबरपट्टी होती. यजमानांनी तो नंबर परिवहनच्या ॲपवर टाकून पाहिला. नोंदणी चालू होती आणि वाहनाच्या वर्गापुढे शेतीचा ट्रेलर असे इंग्रजीत लिहिलेले होते. दलालाला विचारले तेव्हा त्याचे म्हणणे असे, की आपल्या भागात ट्रेलर म्हटला की कार्यालयातले बाबू तोच वर्ग लावतात, नाव बदलताना तो दुरुस्त होईल. आमच्या गावात ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याच्या ट्रॉलीच्या पुस्तकात हेच लिहिलेले असते, मग ते अशक्य का वाटावे? आता कळले आहे, की खासगी वापराच्या ट्रेलरसाठी नोंदणीत स्वतंत्र वर्ग असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे मोटारीने ओढला जाणारा ट्रेलर हेही वाहनच असून त्याला स्वतःची नोंदणी, स्वतःचा चेसिस नंबर आणि स्वतःचा विमा लागतो. ॲपवरचे चेसिस नंबरचे जे काही अंक दिसतात ते सांगाड्यावर कोरलेल्या अंकांशी स्वतः जमिनीवर आडवे होऊन जुळवावेत. चेसिस नंबरच्या पट्टीवर नवे रिव्हेट किंवा सांगाड्याच्या त्याच भागावर ताजा काळा रंग दिसला, तर एक रुपयाही देऊ नये. मालकी बदलण्याच्या अर्जांवर, म्हणजे नमुना २९ आणि ३० वर, सही झाल्याशिवाय पूर्ण रक्कम सोडू नये.

आरटीजीएस ज्या खात्यावर गेले ते दलालाच्या नावाचे नव्हते, कोण्या तिसऱ्याचे होते, हे आम्हाला नंतर समजले. त्या वेळी बँक केवळ खाते क्रमांक पाहून रक्कम जमा करीत असे, नाव जुळवत नसे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०२५ पासून रक्कम पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव दिसण्याची सोय सुरू झाली. आमचा व्यवहार त्याआधीचा. तुमचा नंतरचा असेल तर शाखेतही नाव दाखवा असा आग्रह धरा, आणि नाव वेगळे निघाले तर स्लिप तिथेच फाडा.

ट्रेलर घरी आल्यावर पहिल्याच प्रवासात साठच्या वेगाला तो मागे साप वळवळावा तसा हलू लागला आणि आमची बोलेरो त्याच्याबरोबर ओढली जाऊ लागली. दलालाने वजन ९०० किलो सांगितले होते. जिनिंगच्या धर्मकाट्यावर तो १,४६० किलो भरला. ट्रेलरचे जू गाडीमागच्या ज्या बॉलवर बसते तिथला भार मोजला तर ४० किलोदेखील नव्हता, वास्तविक तो भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे १४६ ते २१९ किलोच्या दरम्यान असावा असे अमेरिकी बनावटीच्या अशा ट्रेलरबाबत मानतात. पाण्याची १०० लिटरची टाकी आणि बॅटऱ्या कोणीतरी आसाच्या मागे नेऊन बसवल्या होत्या, म्हणून पुढे भार उरला नव्हता आणि ट्रेलर वळवळत होता. हा दोष रंगाने झाकता येत नाही, फक्त धर्मकाट्यावर दिसतो, म्हणून सौदा करण्यापूर्वी वजन करायला विक्रेता नकार देत असेल तर ते उत्तरच समजावे. त्यात भर म्हणजे आमच्या गाडीचा बॉल ५० मिलिमीटरचा आणि ट्रेलरचा कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी टोपी, दोन इंचांचा, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण तो झिजलेला कपलर खड्ड्यात उचलला जाऊ शकला असता आणि सुरक्षेच्या साखळ्या त्याने जोडूनच दिल्या नव्हत्या. टायरांना काळे पॉलिश होते. बाजूवरचे शेवटचे चार आकडे १२१३, म्हणजे २०१३ सालच्या बाराव्या आठवड्यातले. ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांत बदलावे लागतात. दोन टायर आणि बेअरिंगचे ग्रीस मिळून १४,८०० रुपये आणखी गेले.

मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि छतावरचे सीलंट तडकते. जूनच्या पहिल्या पावसात पलंगाखालचा कोपरा फुगून वर आला. ज्या फॅब्रिकेटरला बोलावले त्याने विनाइल उचलले, तेव्हा आतला प्लाय बोटाने कुस्करत होता. रबरी छतावर साधे सिलिकोन थापलेले होते, ज्यावर नंतर दुसरे काही चिकटत नाही. छताच्या प्रकाराला चालणारे सीलंट वापरावे आणि मृगाआधी एकदा व दिवाळीनंतर एकदा शिडी लावून प्रत्येक सांधा पाहावा, हे तो कारागीर मला समजावत असतानाच त्याचा हात सांगाड्यावर थांबला. काळ्या रंगाखाली चेसिस नंबरची जागा ग्राइंडरने घासलेली होती. जमीन नव्याने बसवायला त्याने १,१५,००० रुपये सांगितले. मी ते दिलेले नाहीत, कारण ज्या वस्तूला ओळखच नाही तिच्यावर पैसे कशासाठी घालायचे?

परिवहन कार्यालयात खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने नंबर तपासून सांगितले, की तो दुसऱ्या जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीचा असून ती ट्रॉली व्यवस्थित चालू आहे. विम्याची पॉलिसीदेखील त्याच ट्रॉलीची निघाली. मी लेखी मागितले, तेव्हा "ही आमची केस नाही, पोलिसांकडे जा," असे उत्तर मिळाले. गाडी आत घेऊन तपासणी करावी, असे म्हणालो तर नोंदणी नसलेले वाहन रस्त्यावर आणल्याबद्दल दंड होईल, असे बजावण्यात आले. म्हणजे तपासणीसाठी आणावे तर गुन्हा आणि न आणावे तर पुरावा नाही.

आमच्या पोलिस ठाण्याने व्यवहार नागपूरकडे झाला म्हणून तिकडे पाठवले. तिकडच्या ठाण्याने पैसे तुमच्या गावातल्या बँकेतून गेले म्हणून परत पाठवले. १९३० या क्रमांकावर फोन केला तर वस्तू हातात मिळालेली आहे, हा सायबर गुन्हा नव्हे, असे सांगण्यात आले. शेवटी एका अधिकाऱ्याने खुर्चीवरून न उठता सांगितले, "मॅडम, तुम्ही शिकल्या-सवरल्या, हे दिवाणी प्रकरण आहे, वकील करा." चेसिस नंबर घासून दुसऱ्याच्या ट्रॉलीचा नंबर लावणे हे दिवाणी प्रकरण कसे, या माझ्या प्रश्नावर दुसरे उत्तर आले: तसे असेल तर ट्रेलर चोरीचा असू शकतो आणि तो आम्हाला जप्त करावा लागेल. तक्रारदाराला घाबरवून घरी पाठवण्याची ही रीत मी पहिल्यांदा पाहिली. चाळीस मुलांच्या वर्गात कोणी कोणाची पाटी चोरली हे आम्ही मधल्या सुटीच्या आत शोधून काढत होतो. येथे चोराचा फोन क्रमांक, शेडचा पत्ता आणि खाते क्रमांक लिहून दिलेला कागद कोणत्या टेबलावर ठेवायचा यावरच महिने गेले.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावीच लागते, आणि नाकारल्यास ती पोलिस अधीक्षकांना लेखी, टपालाने पाठवता येते. हे मला कोणत्याही ठाण्यात सांगितले गेले नाही, माझ्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले, जो आता वकिली करतो. रजिस्टर्ड टपालाने भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८(४) खाली कारवाईची मागणी पाठवली आहे. ग्राहक आयोगातही तक्रार दाखल केली. दलालाचा हा धंदाच असल्यामुळे ती तेथे चालते, दिलेली किंमत पाच ते दहा लाखांच्या दरम्यान असल्याने शुल्क २०० रुपये आहे, आणि मुदत दोन वर्षांची असल्यामुळे पोलिस काय करतात याची वाट पाहत बसू नये. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळतो, निदान तारखेचा पुरावा तयार होतो. दलालाशी झालेले प्रत्येक बोलणे फोनवर न करता लेखी संदेशात करावे; आमच्याकडे फोमबद्दलचे त्याचे वाक्य लेखी नाही, आणि आयोगापुढे त्याने ते नाकारले आहे.

ज्यांच्याकडे आधीच असा ट्रेलर आहे त्यांनी गॅस तपासावा. आमच्यात शेगडीखाली जमिनीलगत वायुवीजनाचे भोकच नव्हते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती खाली साचते. नवे विनाइल बसवताना ते भोक झाकले गेले असावे, आणि त्या खोलीत सासूबाई झोपल्या होत्या. काळ्या मातीत ट्रेलर उभा करायचा असेल तर जॅकखाली रुंद फळी घ्यावी, चाकांना आधी गुटके लावावेत आणि मगच गाडीपासून सोडवावा. पाऊस झाल्यावर ही माती फुगते आणि सकाळी एक बाजू बसलेली असते.

गेल्या महिन्यात तोच दलाल दुसऱ्या नावाने आणखी एका ट्रेलरची जाहिरात करीत असल्याचे एका नातेवाइकाने दाखवले. किंमत ६,२५,००० रुपये, पडद्यांचा कपडा आमच्या ट्रेलरमधल्यासारखाच, आणि नंबरपट्टीवर पांढरा कागद चिकटवलेला. जाहिरातीची प्रत तारखेसह पोलिस अधीक्षकांच्या कार्यालयात दिली आहे, पोच घेतली आहे. अमरावती, वर्धा, यवतमाळ या भागातून कोणी तो ट्रेलर पाहायला जाणार असेल, तर पलंगाच्या डाव्या कोपऱ्यात उभे राहावे आणि कागद काढून नंबर वाचून दाखवायला सांगावे.