बोअरवाला फूट विकतो, पाणी नाही

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या एका बंगल्यात लॉनसाठी बोअर मारला. बिलात लिहिलं होतं: 24 रॉड (खोदताना एकाला एक जोडत खाली सोडायचे लोखंडी दांडे), 480 फूट. नंतर मोटर उतरवायला आलेल्या फिटरने दोरीला वजन बांधून खोली मोजली, तर ती भरली 355 फूट. रॉड खरोखरच 24 उतरले होते, घरच्यांनी ते मोजलेही होते. पण 20 फुटी म्हणून सांगितलेले रॉड 15 फुटी होते. म्हणजे खोदाई 360 फूट, त्यातले तळाचे पाच फूट गाळाने भरलेले आणि 120 फुटांचे पैसे हवेचे. शिवाय 300 फुटांनंतर दर शंभर फुटांना भाव चढतो, त्यामुळे हे न खोदलेले फूट सर्वांत महाग भावाने लागले.

बोअर मारणाऱ्या गाड्यांवर 10, 15 आणि 20 फुटी असे सगळे रॉड असतात. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी एक रॉड जमिनीवर ठेवायला लावा आणि टेपने मोजा. शेवटचा रॉड किती फूट आत गेला तेही पाहा, कारण अर्धा गेला तरी पूर्ण धरतात. गाडी हलायच्या आत दोरी सोडून खोली मोजायची. दोन दिवसांनी मोजली की "माती ढासळली असेल" हे उत्तर तयारच असतं.

मुळात लॉनला किती पाणी लागतं? 1000 चौरस फूट लॉनला इंदूरच्या उन्हाळ्यात दिवसाला साधारण 500 लिटर. हा आकडा आधी माहीत असेल तर अर्धी फसवणूक तिथेच थांबते. गाडीवाल्याला पैसे फुटांचे मिळतात, त्यामुळे "अजून पन्नास फूट जाऊ द्या, मोठा झरा आहे" हे तो म्हणणारच. माळव्यात वर काळी माती, खाली मुरुम आणि मग बेसॉल्टचे थरावर थर. पाणी असतं ते मुरुमात, छिद्रं असलेल्या दगडात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. अखंड काळा पत्थर लागला की कितीही खाली गेलात तरी नुसती धूळ उडते. दर दहा फुटांना वर येणारा दगडमातीचा चुरा कागदावर क्रमाने मांडून ठेवायला सांगा. कोरडी काळी भुकटी सलग येत असेल आणि शेजारपाजारचे बोअर त्याहून वरच्या पाण्यावर चालत असतील, तर थांबा म्हणायचा हक्क तुमचा आहे.

पाण्याचं माप हा दुसरा सापळा. "दोन इंच पाणी लागलं" असं सांगतात, पण इंच कशावरचा हे कोणी विचारत नाही. खरं माप पाण्याच्या वाटेत आडव्या उभ्या केलेल्या, 90 अंशांच्या व्ही आकाराची खाच कापलेल्या पत्र्यावर, खाचेच्या टोकापासून पाण्याच्या पातळीपर्यंत घेतात, तेही पत्र्याच्या जरा मागे. त्या मापाने एक इंच म्हणजे तासाला सुमारे 500 लिटर. दोन इंच म्हणजे दुप्पट नव्हे, जवळजवळ 2900 लिटर, आणि तीन इंच म्हणजे 8000 च्या आसपास. त्यामुळे पत्रा तिरका धरून किंवा फवाऱ्याच्या ऐन जोरात माप घेऊन अर्धा इंच वाढवला तरी आकडा कुठल्या कुठे जातो. गाडीचा हवेचा कंप्रेसर पाणी उसळ्यांनी फेकतो, आणि नवीन रॉड जोडताना जे साचतं ते पहिल्या उसळीत एकदम बाहेर येतं. अर्धा तास सलग हवा चालू ठेवा, धार स्थिर झाली की मोजा. पत्रा नसेल तर पाणी एका चरातून वळवून 20 लिटरच्या बादलीत घ्या: एक इंचाला बादली भरायला सव्वादोन मिनिटांहून जास्त लागतात, दोन इंचाला 25 सेकंद. लॉनपुरता हा एक इंचसुद्धा पुरतो, हे कोणीही गाडीवाला आपणहून सांगत नाही.

मोटर लावून दाखवतानाही हेच. साडेसहा इंची बोअरमध्ये दर फुटाला सुमारे साडेसहा लिटर पाणी साठतं. 300 फूट भरलेला असेल तर जवळपास 2000 लिटर आधीच आत आहे. मिनिटाला 50 लिटरची मोटर ते 40 मिनिटं आरामात फेकते, आणि मालक खूश होऊन उरलेले पैसे देतो. खरा बोअर त्यानंतर दिसतो. निदान तीन तास चालवा, मगच हिशेब.

केसिंगमध्ये, म्हणजे वरची माती ढासळू नये म्हणून बोअरमध्ये बसवायच्या पाइपात, पैसेही खातात आणि बोअरही मारतात. पाइप काळी माती आणि मुरुम ओलांडून पक्क्या दगडात दोन-तीन फूट बसला पाहिजे. तो वरच थांबवला की पावसाळ्यात मुरुम आत येतो आणि मोटर अडकते. पाइपवर आय.एस. 12818 छापलेलं आहे का ते वाचा, कारण शेतीचा पातळ पाइप दिसायला तसाच असतो. तुकडे आत जाण्यापूर्वी मोजा. खाली लाल मातीचा थर लागला, म्हणजे चुरा लाल चिखलासारखा आला, तर त्याची खोली लिहून घ्या. ती माती भिजली की फुगते, तिथे आतून पाइप टाकावाच लागतो. हे सांगायचं टाळतात, कारण नंतर दुरुस्तीचं कामही त्यांच्याच ओळखीच्या माणसाला मिळतं.

नारळ हातावर उभा करून पाण्याची जागा दाखवणाऱ्याचं गाडीवाल्याशी कमिशन असतं का, एवढं चौकशी करून बघा.

उन्हाळ्यात "परवानगीचं आम्ही बघतो, रात्री मारून देतो" म्हणून वेगळे पैसे मागतात. मध्य प्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियम, 1986 खाली कलेक्टर जिल्हा जलअभावग्रस्त जाहीर करतात तेव्हा परवानगीशिवाय बोअर मारता येत नाही. कागद स्वतः पाहिल्याशिवाय गाडी फाटकात घेऊ नका.

बोअर कोरडा गेला तर तोंडावर गोणी टाकून निघून जातात. मुलं पडून मरतात ती अशाच खड्ड्यांत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या निर्देशांप्रमाणे सोडून दिलेला बोअर तळापासून वरपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरायचा असतो, आणि चालू बोअरच्या केसिंगवर पक्कं झाकण हवं. भरण्याचं काम दर ठरवतानाच कागदावर घ्या. त्याच कागदावर रॉडची लांबी, दर टप्प्याचा भाव, केसिंगचा प्रकार आणि वॉशिंगचे, म्हणजे हवा सोडून बोअर धुण्याचे, तास असावेत. चौथा हिस्सा तरी रक्कम खोली आणि पाणी मोजून होईपर्यंत देऊ नका. फसवणूक झालीच असेल, तर दोरीच्या मापाचा फोटो आणि बिल घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. सही केलेला कागद नसेल तर तिथे आपली बाजू लंगडी पडते.